ऊन लागलं, रापलं का भाजलं? उन्हानं कातडं जळू नये म्हणून काय करायचं आणि जळलंच तर काय

आपल्याकडं उन्हाची सगळी दुखणी एकाच खात्यात जमा होतात. पोरगं चक्कर येऊन बसलं, ऊन लागलं. हात काळे पडले, ऊन लागलं. मान अशी झाली की शर्टाची कॉलर टेकवत नाही, तरीपण ऊनच लागलं, कांदा फोडून हुंगव आणि झोप म्हणायचं. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत राव. ऊन लागणं म्हणजे अंग आतून तापणं आणि अंगातलं पाणी-मीठ कमी होणं. रापणं म्हणजे कातड्याचा रंग गडद होणं. आणि भाजणं म्हणजे खरोखर भाजणं, तव्याला हात लागल्यावर होते तशी कातड्याची इजाच, फक्त तिचं कारण वेगळं, ती सावकाश होते आणि होताना कळत नाही. आज या तिसऱ्याचंच सांगतो, कारण त्याला आपण रापलंय समजून भलते उपाय करतो आणि दुखणं वाढवून घेतो. मी स्वतः केलंय.

मी काय डॉक्टर नाही. बांधकामाच्या साईटवर सुपरव्हायझर आहे, १४ वर्षं झाली, कोल्हापूरजवळ उचगावपासून कागलपर्यंत सगळीकडं उन्हात उभा राहून झालंय. त्यामुळं आपल्याला ऊन नवीन नाही असा एक माज होता. तो उतरला फेब्रुवारीत, तेही साईटवर नाही तर पन्हाळ्यावर. घरची सगळी, दोन गाड्या करून गेलो, मस्त गार वारा, बायको म्हणाली स्वेटर आणायला पाहिजे होता, सकाळी दहाला तीन दरवाजापासून सुरुवात केली ते सज्जाकोठी करत, मध्ये झुणका-भाकर आणि दही खात, तीन-साडेतीनपर्यंत उघड्यावरच. बिनकॉलरचा टी-शर्ट, टोपी नाही. घामाचा थेंब नाही अंगावर. संध्याकाळी घरी आल्यावर मान जरा चुरचुरायला लागली, रात्री उशी टेकवेना, कानाच्या पाळ्या अशा तापलेल्या की हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या आहेत असं वाटावं. साईटवर मे महिन्यात जे कधी झालं नाही ते फेब्रुवारीतल्या गार वाऱ्यात झालं.

तर पहिली गोष्ट ही समजून घ्या. कातडं भाजतं ते उष्णतेनं नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी, म्हणजे यूव्ही म्हणतात त्यानं. ते दिसत नाही आणि गरमही लागत नाही. गरम लागतं म्हणून आपण मे महिन्यात आपोआप सावली शोधतो, डोक्यावर टॉवेल घेतो. वारा गार असला की हे सगळं सुटतं आणि माणूस तासन् तास उघडा पडतो. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा साधारण ४०० मीटर उंच, उंचीमुळं यूव्ही वाढतं, पण एवढ्यानं चार-पाच टक्केच. खरा घोळ वाऱ्यानं केला.

मग ओळखायचं कसं? घामावरून नाही, थर्मामीटरवरून पण नाही. स्वतःच्या सावलीवरून. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड दिसली की समजायचं आता भाजणारं ऊन आहे, जितकी आखूड तितकं जास्त. कोल्हापुरात मे महिन्यात सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत सावली आपल्यापेक्षा आखूड असते. डिसेंबरात तेच साधारण अकरा ते दोन. म्हणजे थंडीत पण दुपारचे तीन तास सुटका नाही. आणि आपल्याकडं सूर्य बरोबर बाराला डोक्यावर नसतो हे पण लक्षात ठेवा, मे महिन्यात तो साडेबाराच्या आसपास येतो, तेव्हा "बारा वाजून गेले, आता उतरलं ऊन" हे गणित चुकतं. ६-७ मेच्या सुमाराला तर तो अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखालीच गायब होते, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेची पोरं मैदानात बाटली उभी करून बघतात तो. गंमत म्हणजे असा दिवस वर्षातून दोनदा येतो, दुसरा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा ढग असतात म्हणून कुणाला दिसत नाही. ढग असले म्हणून यूव्ही थांबतं असं मात्र नाही. पातळ ढगातून बरंचसं खाली येतं. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालून आलेल्या पोरांची नाकं सोललेली बघितलीत का कधी, त्याचं कारण हेच. मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स म्हणून आकडा असतो, ३ च्या वर गेला की झाकून घ्यायला लागायचं, ८ च्या वर म्हणजे लई कडक, आणि आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्या पण वर जातो.

"आपण सावळी माणसं, आपल्याला काय होतंय" हे मला दहा जणांनी ऐकवलंय. सावळ्या रंगाचा फायदा आहे, खरं आहे, कातड्यातलं मेलॅनिन थोडं थोपवतं, गोऱ्या माणसासारखे आपण वीस मिनिटांत भाजत नाही. पण थोपवतं म्हणजे पूर्ण अडवत नाही. उलट आपल्यात लाली पटकन दिसत नाही, त्यामुळं भाजलंय हे उशिरा कळतं. दिसण्यावर जाऊ नका, हात लावून बघा. ती जागा बाजूच्या कातड्यापेक्षा गरम लागते, ताणल्यासारखी वाटते, कापड घासलं तरी झोंबतं. हे असलं तर ते रापणं नाही, भाजणं आहे. आणि हे उन्हातून आल्या आल्या नसतं, चार-पाच तासांनी जाणवायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा कळस होतो. म्हणून दुपारी "कुठं काय झालंय" म्हणणारा माणूस रात्री पालथा झोपतो.

आता टाळायचं कसं. सनस्क्रीनचं नंतर सांगतो, आधी कापड, कारण कापड घामानं उतरत नाही आणि दर महिन्याला विकत घ्यायला लागत नाही. ऊसतोडीला किंवा भांगलायला जाणाऱ्या बायका बघा, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्यावरून पदर किंवा टॉवेल, त्यावर खोप्यासारखं बांधलेलं. कुठल्या जाहिरातीत बघून नाही केलं त्यांनी. शेतातल्या म्हाताऱ्यांचा पटका तेच काम करतो, कान आणि मानेचा मागचा भाग झाकायला शेमला सोडायचा. आमच्या साईटवरची नवीन पोरं क्रिकेटची टोपी घालून येतात, तिच्यानं कपाळ सोडून काही झाकत नाही, कान आणि मान उघडीच. टोपी घ्यायची तर सगळीकडनं काठ असलेली घ्या, नाहीतर टोपीखाली रुमाल सोडा.

कापड कुठलं चांगलं ते बघायची युक्ती सोपी आहे. बल्बसमोर धरा. आरपार उजेड दिसला की त्यातनं यूव्ही पण जातं. पातळ पांढरा उन्हाळी शर्ट, जो आपण मुद्दाम उन्हासाठी म्हणून घेतो, तो गार लागतो पण कातडं फारसं वाचवत नाही, ओला झाला तर अजून कमी. दाट विणीचा आणि गडद रंगाचा चांगला, मग जाडी कमी असली तरी चालतंय. मी साईटवर दाट विणीचा निळा फुल शर्ट घालतो, ढगळ, म्हणजे वारा खेळतो. गाडीवरच्या मुली स्कार्फ बांधून फक्त डोळे उघडे ठेवतात त्याची लोकं टिंगल करतात, करू देत, बरोबर आहे ते. फक्त हातमोजे मनगटापर्यंतचे नको, कोपराच्या वरपर्यंतचे घ्या, नाहीतर हँडलवर धरलेला हात तासभर थेट उन्हात भाजत राहतो.

चारचाकीत बसलं की वाचलो असं नाही. बाजूच्या काचेतनं भाजणारे किरण बरेचसे अडतात, पण रापवणारे आणि कातडं म्हातारं करणारे आत येतात. जुन्या एसटी ड्रायव्हरचा उजवा हात आणि डावा हात शेजारी शेजारी ठेवून बघा.

पायाचं कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. चैत्रात जोतिबाला चालत जाणारे, दिवसभर पाय उघडे. कोल्हापुरी चप्पल असली तर पट्ट्याखालचं कातडं गोरं आणि मधलं भाजलेलं, अंगठ्याच्या कडीची गोल खूण तर महिनाभर पायावर छापल्यासारखी राहते. आमच्या मेव्हण्याला यात्रेनंतर पायाच्या वरच्या बाजूला फोड आले, चप्पल चढेना, तो म्हणतोय चप्पल चावली. चप्पल नव्हती चावली, पट्ट्यांच्या मधल्याच जागेवर फोड होते. पायावर सनस्क्रीन लावा किंवा दाट विणीचे मोजे घाला, बरं दिसत नसलं तरी. अनवाणी जाणाऱ्यांचे तळवे तापलेल्या फरशीनं भाजतात ते वेगळं, ते उष्णतेचंच.

आणि पोरांचं. मे महिन्याची सुट्टी म्हणजे विहीर, नाहीतर नदी, सकाळी दहाला पाठीला डबा बांधून आत पडलेली पोरं दोनला डोळे लाल करून बाहेर येतात. पाण्यात गार लागतं, म्हणून खांदे आणि पाठ भाजताना कळत नाही, आणि पाणी किरण अडवत नाही, अर्धा मीटर खाली पण पुष्कळ पोचतात. पोरांना एक तर सकाळी लवकर नाहीतर चारनंतर सोडा, आणि अंगात जुना गडद टी-शर्ट ठेवूनच पोहू द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत, त्याला सावली आणि कपडे एवढंच.

सनस्क्रीन घेताना ट्यूबवर तीन गोष्टी बघा. एसपीएफ ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (म्हणजे भाजणारे आणि रापवणारे दोन्ही किरण अडवणारं) लिहिलेलं किंवा PA या अक्षरांपुढं तीन-चार अधिकची चिन्हं, आणि एक्सपायरी. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के भाजणारे किरण अडवतं आणि ५० वालं ९८ टक्के, तेव्हा आकड्याच्या मागं लागून दुप्पट पैसे घालवू नका, तेच पैसे जास्त लावण्यात घालवा. कारण सगळी माती होते ती इथंच. आपण कपाळाला गंध लावल्यागत ठिपके ठिपके लावतो. चेहरा आणि मान मिळून किती लागतं, तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर बुडापासून टोकापर्यंत एकेक पट्टी काढायची, तेवढं. एवढं हातावर घेतल्यावर पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं की हे जास्त झालं. नाही झालं. दिवसातनं दोनदा असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला पाहिजे. तुमची जर गेल्या दिवाळीची ट्यूब अजून चालू असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, वास घेताय.

उन्हात निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी परत, आणि घाम पुसला किंवा पोहलात तर लगेच परत. कान, मानेचा मागचा भाग, ओठ, केस विरळ झाले असतील तर टाळू, हे विसरतात सगळे. पांढरट थर येतो म्हणून नको वाटत असेल तर जेलवालं घ्या, झिंक ऑक्साईडवालं पांढरं दिसतं पण नाजूक कातड्याला सोसतं. आणि ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकीचा भट्टा होतो आणि सनस्क्रीन फाटलेल्या दुधागत पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होऊन बाहेर येतं, माझी एक ट्यूब तशीच गेली.

एक गोष्ट मला पण उशिरा कळली. काही औषधांनी कातडं उन्हाला हळवं होतं. डॉक्सिसायक्लिन नावाची अँटिबायोटिक, बीपीच्या गोळ्यांतली हायड्रोक्लोरोथायाझाइड, पिंपलसाठीची आयसोट्रेटिनॉइन, रात्री लावायची रेटिनॉलची क्रीम, यातलं काही चालू असेल तर नेहमीच्या उन्हात पण भाजू शकतं. गोळ्या मनानं बंद नका करू, डॉक्टरला विचारा आणि झाकून घ्या.

आता समजा भाजलंच. चुरचुरायला लागलं की पहिल्यांदा सावलीत या, आणि परत "एवढं एक काम उरकतो" म्हणून जाऊ नका. नळाच्या गार पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं अंघोळ, किंवा मऊ सुती कापड, जुन्या धोतराचा तुकडा बेस्ट, गार पाण्यात भिजवून, पिळून त्या जागेवर ठेवायचं, तापलं की परत भिजवायचं. दिवसातनं चार-पाच वेळा. बर्फ नको, भाजलेल्या कातड्यावर बर्फ म्हणजे दुसरी इजा. बंबातलं कडक पाणी तर दोन-तीन दिवस विसराच, साबण पण त्या जागेवर नको. पुसताना टॉवेल घासायचा नाही, टिपायचं, आणि अंग थोडं ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कोरफड लावायची. खाज असेल तर कॅलामाइन लोशन.

कोरफड कुंडीतली काढणार असाल तर जरा दमानं. पान बुडापासून कापल्यावर त्यातनं पिवळा चीक गळतो, तो झोंबतो आणि काहींना त्यानं पुरळ उठतं. पान कापून दहा-पंधरा मिनिटं एका वाटीत उभं ठेवा, कापलेली बाजू खाली, चीक गळून जाऊ दे, मग धुवा, काटे आणि वरची साल सुरीनं काढा आणि आतला काचेसारखा गर परत एकदा धुऊन घ्या. तो गार करून लावायचा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, सोसत असला तरच पुढं.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन सूजही कमी करते, पहिल्या दिवशीच घेतली तर जास्त उपयोग, पण ज्यांना अ‍ॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास आहे, गरोदर आहेत, किंवा दिवसभर पाणीच प्यायलं नाही त्यांनी मनानं घेऊ नये. लहान पोरांना ॲस्पिरिन द्यायची नाही. आणि पाणी प्या, भाजलेल्या जागेकडं अंगातलं पाणी ओढलं जातं. ताक, लिंबूपाणी काहीही चालतंय, मात्र ओआरएसचं पाकीट घेतलंत तर त्यावर लिहिल्याप्रमाणं एक लिटरचं पूर्ण एक लिटरात घाला, अर्ध्या ग्लासात नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शीग लावलेले नाही.

आता काय करायचं नाही, यात माझीच गोष्ट सांगतो. पन्हाळ्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं मान बघितली आणि म्हणाली, "केवढं रापलंयस रं, थांब." बेसन, हळद आणि वरनं अख्खं लिंबू पिळून तिनं ते मानेवर चोळलं. तांबड्या मिरचीचा खर्डा चोळल्यासारखी आग झाली, मी खोटं नाही सांगत डोळ्यात पाणी आलं, आणि आई म्हणते, "झोंबतंय म्हणजे काम करतंय." मी वरवर धुतलं आणि तसाच साईटवर गेलो. दोन दिवसांनी मानेवर तपकिरी ओघळ उठले, लिंबाचा रस जिथनं खाली आला होता बरोबर त्या वाटेनं, गळ्यापर्यंत. ते जायला दोन महिने लागले. कातडीच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "लिंबू लावलं होतं का?" लिंबाच्या रसात, सालीत एक रसायन असतं, ते कातड्यावर असताना ऊन पडलं की ती जागा वेगळीच भाजते आणि डाग पडतो. लिंबू-सरबत विकणाऱ्यांच्या बोटांवर पण असे डाग दिसतात. तेव्हा लिंबू पोटात, कातड्यावर नाही. उटणं, स्क्रब, बेसन हे पण भाजलेल्या जागेवर नको, कातडं आधीच जखमी असतं, त्यावर घासकाम कशाला. टूथपेस्ट गार लागते पण झोंबते, आणि तूप, खोबरेल, व्हॅसलिन पहिल्या दिवशी लावलं तर आतली धग कोंडून राहते.

त्याहून वाईट म्हणजे दुकानात "रापल्यावर काय आहे का" विचारल्यावर हातात पडणारी क्रीम. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चार दिवस चेहरा उजळतो, मग सोडली की लाल होतो, केस येतात, कातडं कागदासारखं पातळ होतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय तोंडाला लावू नका.

फोड आले तर फोडू नका. आतलं पाणी आणि वरची साल हीच त्याची पट्टी आहे. आपोआप फुटला तर साध्या पाण्यानं धुवा, साल ओढून काढू नका, वर स्वच्छ न चिकटणारी पट्टी ठेवा. पण फोड तळहातापेक्षा मोठ्या जागेवर असतील, तोंडावर किंवा लहान पोराला आले असतील, पू दिसत असेल, ताप-थंडी-उलट्या चालू असतील, किंवा डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन उजेड सोसत नसेल, तर घरी थांबू नका. आणि माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलंय, उभं राहता येईना, तर ते भाजणं नाही, उष्माघात आहे. १०८ ला फोन, तोवर सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारायचं आणि वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

साधं भाजलेलं तीन दिवसांत शांत होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सालटी निघायला लागतात, आठवडाभर चालतं ते. ती सोलायचा मोह आवरत नाही मला माहितीये, पण सुटलेलीच कात्रीनं कापा, ओढलीत की शेजारचं कच्चं कातडं पण येतं. खालनं येतं ते नवीन कातडं फार नाजूक असतं, त्याला पुढचे तीन-चार आठवडे ऊन अजिबात दाखवायचं नाही, नाहीतर तिथंच काळा डाग बसतो. माझ्या मानेवर त्या दिवसांत जोतिबाचा टॉवेल असायचा, यात्रेतला गुलाल धुऊन धुऊन पण न गेलेला. साईटवर सगळी "पैलवान" म्हणून चिडवायची. आता तेच तिघं-चौघं मानेवर टॉवेल टाकून स्लॅबवर चढतात.